शिवप्रियाची आत्या

मुरुम, ता. उमरगा
रविवार, ८ जून २०२५

प्रिय शिवा,

अण्णाच्या दुकानाच्या लेटरहेडवर लिहिते आहे, तेव्हा वरच्या सिमेंट-पत्र्यांच्या जाहिरातीकडे लक्ष देऊ नकोस. घरात दुसरा बरा कागद सापडला नाही. तुझा मेसेज मंगळवारी मिळाला. सोळा तारखेला, सोमवारी, उमरग्याच्या शाळेत मराठीची बाई म्हणून रुजू होतेस, पुण्यातली खोली सोडतेस, नाटक-सिनेमा आता पुरे, असं कळवलंस. उत्कर्षच्या सिनेमासाठी दोनदा बोलावलं, संवाद वाचून घेतले, ब्लाउजचं मापसुद्धा नेलं, मग महिनाभर कुणाचा फोन नाही, आणि शेवटी त्याच भूमिकेत दुसऱ्या मुलीचा फोटो बघायला मिळाला, हे तुला फार लागलेलं दिसतं. खाली एकच ओळ विचारली होतीस. आत्या, तू इतकी वर्षं या धंद्यात काढलीस, खरं सांग, माझ्यात नेमकं काय कमी आहे? त्यावर मी तुला नुसता अंगठा पाठवला. पाच दिवस झाले, त्या अंगठ्याची मला लाज वाटते आहे.

उत्तर देणार आहे, पण लगेच नाही. सरळ मुद्द्यावर यायची माझी सवय मोडली आहे. आमच्या मालिकेत एक चिठ्ठी उघडायला तीन भाग लागायचे. आधी घरचं सांगते. लेक घरी येणार म्हणून अण्णा खूश आहे. बोलून दाखवत नाही, पण मागची खोली रंगवून घेतली आणि उमरग्याला जाऊन तुझ्यासाठी स्कूटीची चौकशी करून आला. तुझ्या नाटकाला तो कधी नको म्हणाला नाही, आणि कधी हो म्हणाला असंही मला आठवत नाही. अव्वाचे गुडघे तसेच आहेत. नात येणार म्हणून तिने शेंगांच्या पोळ्या करायचं ठरवलंय, म्हणजे त्या वहिनीच्या पद्धतीने मला करायला लावायचं ठरवलंय.

नाव होणं म्हणजे काय, हे तुला मी कधी नीट सांगितलेलं नाही. मुंबईत सोळा वर्षं मी नाटकं केली, बारीकसारीक कामं केली, तेव्हा मुरुममध्ये माझी ओळख अण्णाच्या नावाने, 'कल्याणप्पाची बहीण, ती मुंबईला असते ती' एवढीच होती. एक्केचाळिसाव्या वर्षी मालिकेतली हंसाबाई इनामदार मिळाली. नाकात नथ, कमरेला किल्ल्या, आणि सुनेकडे बघताना एक भुवई वर. सहा महिन्यांत मुंबईपासून बिदरपर्यंत लोक मला ओळखायला लागले. मला म्हणजे तिला. उमरग्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात एकदा मी नंबर लावून बसले होते. आत-बाहेर करणाऱ्या सिस्टरने मला पाहिलं आणि ओरडलीच, "अगं बया, इनामदारीणबाई! तुम्ही कशाला बसलाव इथं, चला आत." माझ्यापुढे नऊ माणसं होती, त्यातली दोन-तीन पट्टी बांधलेली. मी नको नको म्हणाले आणि आत गेले. नको नको म्हणण्याचा माझा अभिनय तिथे फार चांगला झाला.

तुळजापूरचा किस्सा तू दहा वेळा ऐकलायस, तरी परत ऐक. आपलं कुलदैवत वीरभद्र, पण अव्वाचा ओढा तुळजापूरकडे. मालिकेचं तिसरं वर्ष होतं. अव्वाने अभिषेक बोलला होता, मी बरी असावी म्हणून. आम्ही बसलो. पुजाऱ्याने मला पाहून आधी घरी फोन लावला, बायकोला म्हणाला, "अगं, ये लौकर, कोण आलंय बघ." मग संकल्प सांगायला लागला. गोत्र बरोबर विचारून घेतलं होतं, नंदी. नावाच्या जागी मात्र खणखणीत आवाजात 'हंसाबाई इनामदार' म्हणून मोकळा झाला आणि दुधाचा तांब्या उचललासुद्धा. अव्वाने त्याचा हात धरला. "ओ महाराज, थांबा की. माझ्या लेकीचं नाव उमादेवी हाय. ती हंसाबाई कोण भवानी मधीच?" आणि आपण कुठे बसून काय बोललो हे कळल्यावर तिने जीभ चावली, गालांवर थापट्या मारून घेतल्या. पुजाऱ्याने सगळं पहिल्यापासून केलं. तरी परतताना नळदुर्ग येईपर्यंत ती एकच घोकत होती, "पयला तांब्या त्या बाईला गेला की गं." मी म्हटलं, जाऊ दे, तिच्याच जिवावर आपण जेवतो. हे मी चारचौघांत पुष्कळदा सांगितलंय आणि दर वेळी हशा मिळालाय. जे सांगत नाही ते असं, की नाव चुकलं ते मलाही ऐकू आलं होतं. मी गप्प बसून हात जोडले होते. अव्वा नसती तर मी तो संकल्प तसाच होऊ दिला असता.

आता असं एक सांगते, जे आपण दोघी कधीच बोललो नाही. सहा वर्षांपूर्वी वहिनी गेली त्या दिवशीचं. आपल्याकडच्या रीतीने तिला विभूती लावून बसवलं होतं, तू तिच्या उजव्या अंगाला होतीस. गल्लीतल्या बायका येत होत्या, नमस्कार करून भिंतीला टेकत होत्या. त्यातल्या निम्म्या वहिनीला बघायला आणि निम्म्या मला बघायला आलेल्या. मी पदर तोंडाशी धरून रडत होते. खरंच रडत होते, शिवा; वहिनीने मला बहिणीपेक्षा जास्त माया लावली होती. दाराशी हरणाबाई बसली होती, ती शेजारणीला हळूच म्हणाली, "टीव्हीत ह्याच्यापरीस लई चांगलं रडतीया की." ते माझ्या कानावर आलं. आणि मी पदर तोंडावरून बाजूला घेतला, खिडकीच्या बाजूला थोडी वळले आणि रडले. मालिकेतली तोवरची अकरा वर्षं उजेड कुठून येतो ते बघून रडायची सवय. डोळे पुसले तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस. तुझ्या डोळ्यांत राग नव्हता. तू फक्त पाहिलंस आणि परत आईकडे वळलीस. त्या दिवशी तू काही बोलली असतीस तर बरं झालं असतं.

दोन वर्षांपूर्वी मालिका संपली. हंसाबाईला काशीला पाठवून दिलं, म्हणजे परत आणायची सोय राहते. आणली नाही. मी 'थोडे दिवस' म्हणून मुरुमला आले ती आलेच. पहिलं वर्ष बरं गेलं. लोक घरी यायचे, चहा व्हायचा, फोटो व्हायचे. उमरग्याच्या कॉलेजात माझं व्याख्यान ठेवलं, 'प्रसिद्धी आणि मी'. मी सांगितलं, की प्रसिद्धी हा भाड्याने आणलेला दागिना आहे, खेळ संपला की पेटीत परत ठेवायचा आणि हात धुऊन जेवायला बसायचं. टाळ्या पडल्या. त्या कुठे पडणार ते मला घरून निघतानाच माहीत होतं. मग हळूहळू येणं-जाणं कमी झालं. त्या वेळेला आता दुसरी मालिका लागते, दुसरी सासू आली आहे, तिचे केस माझ्यापेक्षा पांढरे आणि आवाज जास्त. परवाच्या बाजारात भाजीवाल्या मुलीने मला निरखून विचारलं, "मावशी, तुम्ही आधी कशात तरी व्हता न्हवं?" मी हो म्हटलं आणि गवार घेतली. घरी येऊन अण्णाला सांगितलं, की सुटले बाई. तो म्हणाला बरं झालं. आम्ही दोघंही हसलो.

तुझं मला पहिल्यांदा कळलं ते तू नऊ वर्षांची असताना. दिवाळीला घर भरलेलं होतं. कुणीतरी म्हणालं, शिवा, आत्याची नक्कल कर. मला वाटलं आमच्या कुठल्या तरी नाटकातला संवाद म्हणशील. तू कोपऱ्यातून रिमोट उचललास, कानाला लावलास, आणि निर्मात्याचा फोन आला की माझा आवाज कसा मऊ होतो, मी उभी राहून कशी बोलते, दुसऱ्या हाताने साडीच्या निऱ्या कशा नीट करते, हे करून दाखवलंस. समोरच्याला निऱ्या दिसत नसतात. तरी मी असं करते, हे मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. सगळे पोट धरून हसले, मीही हसले. आत गेल्यावर वहिनीला म्हणाले, ही पोरगी साधी नाही. अभिनय शिकवता येतो, एवढं बारीक पाहणं शिकवता येत नाही.

आणि मग गेल्या वर्षीची तुझी ती एकांकिका. बँकेत हयातीचा दाखला द्यायला आलेली म्हातारी, यंत्रावर तिचा अंगठा उमटतच नाही. चार मिनिटं तू काही बोलत नाहीस. अंगठा पदराला पुसतेस, परत ठेवतेस, हसून साहेबाकडे बघतेस, परत पुसतेस. सोलापूरच्या प्रयोगाला मी आले होते, पण व्हिडिओ पसरला तो या फेब्रुवारीत. माझ्या फोनवर तो अकरा ग्रुपांतून आला. पाठवणाऱ्यांनी खाली लिहिलं होतं, 'आपल्या मुरुमची लेक'. मी तो किती वेळा पाहिला ते सांगत नाही. एवढंच सांगते, की त्या चार मिनिटांत तू एकदाही उजेडाकडे वळत नाहीस. उजेड तुझ्या पाठीमागून येतो आणि तुला त्याची काही पडलेली नाही. माझ्याकडून ते झालं नसतं.

यंदाच्या बसवजयंतीला तू नव्हतीस. मिरवणुकीनंतर सत्कार होते. दर वर्षी माईक ईरण्णाकडे असतो आणि दर वर्षी तो मला 'मुरुमची शान, इनामदारीणबाई' म्हणून शेवटी बोलावतो. शेवटी म्हणजे मानाचं. यंदा गेल्या वर्षीच्या दहावीच्या मुलांचे झाले, नव्या डॉक्टरांचा झाला, आणि मधेच कुठेतरी तो म्हणाला, "आपल्या समद्यांच्या लाडक्या शिवप्रियाच्या आत्या बी आज हितं बसल्यात, त्यांचाही सत्कार आपण करूया." टाळ्या जोरात झाल्या. त्या तुझ्या होत्या. मी उठले, शाल घेतली, नारळ घेतला, ईरण्णाकडे बघून हसले. पोरांनी भोवती गराडा घातला तो 'ताई कधी येणार' हे विचारायला. घरी येऊन मी शाल घडी करून ठेवली, नारळ देवापाशी ठेवला, जेवले. शिवप्रियाची आत्या हे खोटं नव्हतं आणि वाईटही नव्हतं. तू जन्मलीस तेव्हापासून मी तीच आहे. मी अडकले ते 'त्यांचाही' मधल्या 'ही'मध्ये. झोपेतसुद्धा ते अक्षर टोचत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी उत्कर्षचा फोन आला. तो तुळजापूरचा, आमच्या मालिकेत तीन वर्षं सहायक दिग्दर्शक होता, मला मानतो. म्हणाला, "ताई, माझं ठरल्यातच जमा हाय, पण पोरगी तुमच्या घरची, तुम्हाला विचारल्याबिगर पुढं जाऊ वाटंना. कशी हाय कामाला?" आपल्याकडे मुलीची चौकशी कशी होते हे तुला ठाऊक आहे. पाहुणे आधी मुलीच्या भावकीतल्या जाणत्या माणसाला गाठतात. आणि तो जाणता माणूस कधीच वाईट बोलत नाही. स्थळ चांगलं असेल तर म्हणतो, डोळे झाकून करा. नसेल तर म्हणतो, मुलगी गुणाची आहे, पुढचं तुमचं तुम्ही बघा. एवढ्यावर जमत आलेली लग्नं मोडतात आणि मोडणाऱ्याच्या तोंडी एक वावगा शब्द सापडत नाही. मी उत्कर्षला म्हणाले, "मुलगी गुणाची आहे रे. पुढचं तुझं तू बघ." मुंबईचा कुणी असता तर त्याने ते कौतुक समजून तुला दुसऱ्या दिवशी बोलावलं असतं. हा आपल्याकडचा. तो बरं ताई म्हणाला, अव्वाच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि फोन ठेवला.

मी खोटं काही बोलले नाही, अशी महिनाभर स्वतःची समजूत घातली. दुसरी समजूत अशी, की पोरीला त्या सगळ्यातून वाचवलं. वर दवाखाना आणि तुळजापूर आणि भाजीवाली लिहिली ती खरं तर त्याच समजुतीसाठी. म्हणजे तुला वाटावं, की यात काही राम नाही, आत्याने बरंच केलं. पण लिहिता लिहिता वहिनीचा दिवस मधे आला आणि पुढे ते जमेना. मला तुझा हेवा वाटला, शिवा. ज्या गावात मला नाव मिळायला एक्केचाळीस वर्षं लागली तिथे तुला चार मिनिटं पुरली, म्हणून वाटला. ज्या पोरीला मी अंगाखांद्यावर खेळवलं, तिच्या हातातला घास मी एका वाक्यात काढून घेतला आणि मग तिने माझ्यात काय कमी म्हणून मलाच विचारलं. तुझ्यात काही कमी नाही. हे मी आत्या म्हणून लिहीत नाही, तीस वर्षं हे काम केलेली बाई म्हणून लिहिते.

गुरुवारी मी उत्कर्षला फोन करून जे झालं ते सांगितलं. चित्रीकरण सुरू होऊन आठ दिवस झालेत, ती भूमिका गेली, ती आता परत येणार नाही. तो माझ्यावर ओरडला नाही. म्हणाला, "ताई, चूक माझी बी हाय. मी पोरीला बघून ठरवायला पायजे होतं, तुमच्या शब्दावर गेलो." मग म्हणाला, "हितनं पुढं तिचं काय बी असलं तर मी तिलाच विचारीन. तुम्हाला न्हाय." मी बरं म्हटलं. इतकी वर्षं या क्षेत्रात माझ्या शब्दाला जी काही किंमत होती ती तेवढ्यात संपली, आणि ते योग्यच झालं.

शाळा वाईट नाही. तुला मुलांना शिकवायचं असेल तर खुशाल ये. मागच्या खोलीचा रंग वाळलाय आणि अण्णाचा जीव सुखावेल. पण हरले म्हणून येणार असशील तर येऊ नकोस, कारण तू हरलेली नाहीस. अण्णाला मी आज संध्याकाळी सगळं सांगणार आहे. तो माझ्याशी बोलणं टाकेल, टाकू दे. हे पत्र उद्या सकाळी स्पीड पोस्टाने टाकते, बुधवार-गुरुवारपर्यंत तुला मिळेल, सोमवारच्या आत तुझ्या हाती चार दिवस राहतील. एवढं सगळं फोनवर का नाही सांगितलं म्हणशील. पाच दिवसांत सात-आठ वेळा तुझा नंबर काढला होता. पण फोनवर कुठे थांबायचं, कुठे आवाज दाटू द्यायचा, कुठल्या शब्दावर तो तुटू द्यायचा, हे मला आपोआप जमतं, न ठरवता जमतं. मी तुला हे ऐकवलं असतं, आणि पाचव्या मिनिटाला तूच माझे डोळे पुसायला लागली असतीस, जाऊ दे गं आत्या म्हणाली असतीस. ते तू म्हणू नयेस, तुला माझा पुरता राग यावा, म्हणून लिहिलं.

तू ठेवशील तर तुझीच,
उमाआत्या